शिवायचं नाही

नियम एकच. कलघटगी सरांनी
होडीच्या फळीवर खडूनं लिहून दिलेला:
पोहणाऱ्याला शिवायचं नाही.
बाटली दोरीनं सोडायची, पेज पातळ,
बोट लागलं की संपलं,
मग उरते ती नुसती अंघोळ.

मी अनसूयाचा भाऊ. पोहता मला आजही येत नाही.
मुतग्याच्या मळ्यात, सातव्या वर्षी,
पाठीला वाळका भोपळा, कमरेला कासरा
आणि कासऱ्याचं दुसरं टोक माझ्या मुठीत.
तिसऱ्या दिवशी खालून ओरडली,
"सोड की गा!"
मी नाही सोडला.
तिनंच गाठ सोडली,
भोपळा एकटाच तरंगत राहिला.

महिन्याचे ते चार दिवस आई म्हणायची,
विहिरीला शिवू नको.
मग ती हिडकलच्या लाल बसमध्ये बसायची.
धरणाला कुठं कळतंय, म्हणायची.
सर बांधावरून सायकल हाणायचे, तोंडात शिट्टी,
आणि ती पाण्यातून त्यांच्या पुढं.

पहिलं प्रशस्तिपत्र कानडीत आलं.
आईनं ते उलटं धरलं, सुलटं धरलं,
शेवटी बसव्वाला हाक मारली परड्यातून.
बसव्वानं बोट ठेवून वाचलं: अनसूया. मुतगेकर. प्रथम.
कुंद्याचा पहिला घास
त्या दिवशी बसव्वाला.

मुंबईत कारकुनानं फॉर्मवरून दोनदा मान वर केली.
राज्य कर्नाटक, भाषा मराठी?
"होय," ती म्हणाली, "मी तयार आहे, उतरतो आता."
उतरतो? तो हसला. तुम्ही मुलगी ना?
"आमच्याकडं बायका असंच बोलतात," म्हणाली,
आणि अंगाला ग्रीस फासत राहिली,
काखेत, मानेला, मांड्यांच्या आतून,
चुलीला पोतेरं द्यावं तशी, मन लावून.

मालवणला दुसरी. बंगालच्या नदीत
अकरा तास पन्नास मिनिटं.
कपाटावर कप मावेनात तेव्हा आईनं
एकात मेथीदाणे भरले, एकात सुया-दोरे.

चौतिसाव्या वर्षी खाडीतून निघालो, रात्री दोनला.
मी वही घेऊन, मिनिटाचे हात मोजत.
बासष्ट. बासष्ट. अठ्ठावन्न.
उजाडलं. ओहोटी फिरली.
धक्क्यावरचा पिवळा दिवा
तासभर तेवढाच.
चव्वेचाळीस.
एकोणचाळीस.
सरांनी शिकवलं होतं, शंका आली की
साधा प्रश्न विचारायचा.
मी विचारलं, अनू, आईचं नाव काय?
तिनं पाण्यातून तोंड वर केलं,
माझ्याकडं नाही, माझ्या मुठीकडं बघितलं:
"कासरा सोड की गा."

माझ्या मुठीत पेन्सिल होती.

मी शिवलो.
आठशे मीटर उरले होते, असं नंतर कुणी सांगितलं.
मी विचारलं नव्हतं.

परतताना गाडी निपाणीला थांबली,
तंबाखूचा वास. तिनं चहा घेतला,
बिस्किट मोडून अर्धं मला दिलं.
त्यावर बोलणं झालं नाही,
तेव्हा नाही, आणि आता सोळा वर्षं.
ग्रीस मात्र माझ्या हातावरून
तीन दिवस जाईना, साबणानं, राखेनं, कशानं.

आता रविवारी ती त्याच विहिरीवर पोरं शिकवते.
भोपळे कोण पिकवतंय, तेलाचे रिकामे कॅन बांधते.
मी काठावर कपडे राखतो.
परवा होसूरकरांची नात कॅन सोडून गटांगळी खाल्ली.
एकदा. दुसऱ्यांदा.
मी उठलो होतो.
"बस," अनसूया म्हणाली, मागं न बघता.
पोरगी वर आली, खोकली,
अस्सल कानडीत एक शिवी हासडली,
आणि हात मारायला लागली.

अनसूया पायरीवर उभी होती, पाठमोरी.
दोन्ही हात मागं,
एका हातानं दुसऱ्याचं मनगट
घट्ट धरलेलं.